किड्याचा श्वास आणि गृहस्थाचा धर्म

आषाढात मंगरूळपीरच्या काळ्या रानात पाऊस मुरला की माती किड्यामुंग्यांनी सजीव होते. याच काळात जैन साधू चातुर्मासासाठी एका गावी थांबतात, कारण चालताना पावलाखाली जीव जातात. वाशिम जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंज्याची जुनी जैन मंदिरे व ग्रंथभांडारे इथलीच. पण त्याच शिवारातल्या शेतकऱ्याला किडीशी झुंजल्यावाचून पीक घरी आणता येत नाही. मग जीव कुठवर जपायचा?

जैन विचारात प्राण दहा मानले आहेत. कृमीला त्यांपैकी सहा, मुंगीला सात, भुंग्याला आठ. श्वासोच्छ्वास मात्र सगळ्यांना, अगदी वनस्पतीलाही. याउलट, ज्यांना रक्त नाही ते प्राणी श्वास घेत नाहीत, असे अ‍ॅरिस्टॉटलचे मत होते. 1669 मध्ये शरीरशास्त्रज्ञ माल्पिगीने रेशमाच्या अळीचे विच्छेदन प्रसिद्ध केले, तेव्हा तिच्या अंगभर पसरलेल्या हवेच्या नळ्या दिसल्या. अळीच्या कुशीवरच्या श्वासरंध्रांना त्याने तेल लावले आणि ती गुदमरून मेली.

तूरडाळीला एरंडेल चोळतात, त्यातही हेच घडते. दाण्यावर घातलेल्या भुंगेऱ्याच्या अंड्याला तेलाच्या थरामुळे हवा मिळेनाशी होते.

पण किड्यालाही श्वास मानला म्हणून जैन शास्त्रकारांना सूक्ष्मदर्शकाआधीच श्वासरंध्रे ठाऊक होती, असा दावा कुणी करू नये. त्यांची थोरवी वेगळी आहे: दुसऱ्याचा श्वास आपल्यासारखा दिसला पाहिजे, अशी अट त्यांनी घातली नाही.

जीवशास्त्र मात्र एका ठिकाणी वेगळ्या वाटेने जाते. ‘गोम्मटसार’ या जैन ग्रंथात पर्याप्तींची चर्चा आहे. आहार, शरीर, इंद्रिये, मग श्वास, या क्रमाने जीवाची सामर्थ्ये अंतर्मुहूर्तात, म्हणजे 48 मिनिटांच्या आत, पूर्ण होतात. प्रत्यक्षातल्या अळीचा श्वास असा एकदाच घडून संपत नाही. प्रत्येक कात टाकताना ती श्वासनलिकांचे आतले अस्तरही टाकते आणि वाढलेल्या देहासाठी नवे घडवते. फळमाशीची अळी कमी प्राणवायूत वाढवली, तर तिच्या नलिकांना जास्त फाटे फुटतात. भोवतालची हवाच देहाला आकार देते. शास्त्र सामर्थ्याबद्दल बोलते आणि विज्ञान अवयवाबद्दल, असे म्हणून दोन्ही जुळवता येतील; पण ओढूनताणून ते एक करण्यात दोघांचाही मान राहत नाही.

खरा पेच सुप्तावस्थेत आहे. कपाशीची गुलाबी बोंडअळी प्रतिकूल काळात सरकीत दडून राहते. खात नाही, वाढत नाही, देहातला जाळ अगदी मंद ठेवते. अमेरिकेतल्या सेक्रोपिया पतंगाचा सुप्त कोश तर श्वासरंध्रे तासन्‌तास जवळजवळ मिटून ठेवतो. याने पाणी वाचते, असे काहींना वाटते. निवांत देहाला जास्तीचा प्राणवायूच बाधतो, असे इतरांचे म्हणणे आहे. इतक्या मंद जीवाला मारले, तर पाप कमी लागते का? जैन उत्तर स्पष्ट आहे: प्राण त्याच्या वेगावरून मोजत नाहीत.

तरी हे दर्शन गृहस्थाला वाऱ्यावर सोडत नाही. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा त्याला वर्ज्य. शेतीसारख्या उद्योगात घडणारी उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, ती कमीत कमी करायची. इथे किड्याचे शरीरशास्त्र धर्माच्या कामी येते. फरदड, म्हणजे कपाशीचा लांबवलेला हंगाम, घेतली नाही, पऱ्हाटी वेळेत उपटली, तर बोंडअळीची साखळी तुटते. तिचे पतंग तेव्हाही मरतात, पण अंडी घालायला कपाशी न मिळताच; आणि फवारणीत सापडणारे इतर असंख्य जीव वाचतात. फवारणारा माणूसही वाचतो: 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांच्या अंगात श्वासातून आणि कातडीतून तेच विष गेले आणि त्यांतले अनेक जण दगावले.