चावी फिरवल्यावर

१९९८ साली, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली त्याच वर्षी, मी कुपवाडच्या एमआयडीसीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. पाळी सुटली की दुकानासमोरून फाउंड्रीतल्या पोरांच्या मोटारसायकली, मालाचे टेम्पो आणि जुन्या मोटारी एका लोंढ्यात जातात. त्यातली एखादी माझ्या दारात वळते, काच खाली होते आणि आतला माणूस म्हणतो, "तेवढी लाईट घालवून द्या की."

गाडीला काय झालंय ते बघा, असं म्हणणारे थोडे. लाईट घालवा म्हणणारे फार. डोळ्यांसमोर सतत पेटलेला दिवा माणसाला सहन होत नाही, हे मला कळतं. रात्री सांगलीहून घरी निघालं, की मीटरमधला तो पिवळा ठिपका सगळ्या रस्त्यापेक्षा मोठा दिसायला लागतो.

मी जैन घरातला. आई रोज सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून सामायिकाला बसायची आणि मग प्रतिक्रमण करायची. दिवसभरात कळत-नकळत कुणाला दुखवलं, कुठल्या जिवाला इजा केली, त्याकडे मागे वळून बघायचं आणि त्यातून परत फिरायचं. शेरडं, म्हैस, चूल आणि माणसं यांपलीकडे तिचा दिवस नव्हता. मी लहानपणी विचारलं होतं, "आई, आज तर तू काहीच केलं नाहीस. मग कशाला?" ती म्हणाली, "केलं नाही हे बघितल्याबिगर कसं कळंल, बाळा?" त्या उत्तराचा अर्थ मला गाड्यांनी शिकवला.

जुनी मोटार घ्यायला कुणी मला बरोबर नेलं, तर मी आधी बॉनेट उघडत नाही. आत बसतो, चावी ऑनला आणतो आणि इंजीन चालू न करता थांबतो. मीटरमधले इशाऱ्याचे दिवे त्या वेळी पेटायलाच हवेत. ऑइलचा लाल, बॅटरीचा लाल, इंजिनाचा पिवळा. गाडीत दोष आहे म्हणून ते पेटत नाहीत. दोष आला तर आपण पेटू शकतो, एवढं दाखवायला पेटतात. इंजीन चालू झालं की एकेक विझतो. चावी ऑनला आणल्यावर जो दिवा पेटतच नाही, त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. एक तर बल्ब गेलाय, नाही तर कुणीतरी मुद्दाम मारलाय. आईचं संध्याकाळचं प्रतिक्रमण म्हणजे रोज एकदा चावी ऑनला आणून थांबणं होतं.

सगळे दिवे सारखे नसतात. पान्याचं चित्र असतं तो सर्व्हिसचा दिवा नुसते किलोमीटर किंवा दिवस मोजतो. ऑइल बदललं का, फिल्टर बदलला का, त्याला काही ठाऊक नसतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून चावी ऑन केली, की तो आकडा परत पहिल्यापासून मोजायला लागतो. तो तिथीसारखा आहे, आठवण करून देतो. पिवळा इंजिनाचा दिवा वेगळा. २०१० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ४ च्या मोटारींना इंजिनावर स्वतःच लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हा दिवा एका चुकीला सहसा पेटत नाही. दोष पहिल्यांदा दिसला की कंट्रोलर तो आत लिहून ठेवतो, वर काही दाखवत नाही. पुढच्या फेरीत तोच दोष परत दिसला, की दिवा लागतो.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी स्कॅनर हातात धरून बसून राहिलो. आमच्या कर्मसिद्धांतात हेच सांगितलंय. कर्म बांधलं जातं, ते सत्तेत पडून राहतं आणि वेळ आली की उदयाला येतं. सत्तेत असतं तेव्हा माणूस हसतखेळत असतो. उदय झाला की म्हणतो, हे अचानक कुठून आलं? अचानक काहीच आलेलं नसतं. आणि उदय व्हायच्या आधी तपाने त्याची निर्जरा करता येते, असंही शास्त्र सांगतं. म्हणजे दिवा लागायची वाट बघायला कुणी सांगितलेलं नाही.

मग दिवा घालवणं म्हणजे काय? स्कॅनरवर एक बटण दाबलं की कोड पुसला जातो. जुन्या गाडीत बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली तरी बहुतेक वेळा तेच होतं, घड्याळही शून्यावर येतं. बटण दाबलं म्हणून प्लग सुधारत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार दिलेत. त्यातला पहिला आलोचना, गुरूसमोर दोष जसाच्या तसा सांगणं. तप त्यानंतर येतं. कोड न वाचता पुसणारा माणूस ही पहिली पायरीच उडवून जातो. कोड पुसला की कंट्रोलरच्या तपासण्याही परत कोऱ्या होतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडी थंड असताना चालू करून, थोडी उभी ठेवून, मग एकसारख्या वेगाने रस्त्यावर चालवल्याशिवाय त्या पुऱ्या होत नाहीत. दुकानात उभ्या गाडीला दोष गेल्याचा दाखला मिळत नाही.

दुसऱ्या टोकाची माणसंही मी बघितलीत. काम नीट झालेलं असतं, कोड पुसलेला असतो, तरी महिनाभर रोज दारात येतात, "परत बघा की, आत काहीतरी राहिलंय." मला त्यांची कणव येते. दोष दुरुस्त झाल्यावरही दिवा पेटता ठेवणं ही धार्मिकता नाही, असं माझं ठाम मत आहे. तेवढं सोडून देता आलं पाहिजे.

एवढं सगळं मला माहीत होतं, आणि तरी २०१७ साली मी ते काम केलं.

जुन्या गाड्यांचा एक व्यापारी डिझेलची मोटार घेऊन आला. इंजीन तापलं आणि गाडी उभी राहिली, की ऑइलचा लाल दिवा फडफडायचा. त्या दिव्याचं काम साधं असतं. इंजिनाच्या ब्लॉकला एक स्विच, त्याला एक वायर. ऑइलचा दाब तयार झाला की स्विच सुटतो, दिवा विझतो. दाब पडला की परत पेटतो. पिवळा दिवा चार दिवस थांबतो, हा चार मिनिटंही थांबू देत नाही. पंप झिजलेला असणार, नाही तर बेअरिंगं. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. मी ती वायर सोडवून बॅटरीच्या दिव्याला जोडून दिली. चावी ऑन केली की दोन्ही पेटणार, गाडी चालू झाली की दोन्ही विझणार. तीनशे रुपये घेतले.

आठ महिन्यांनी तीच गाडी टोचन करून माझ्याच दारात आली. मालक तासगावकडचा द्राक्षबागायतदार होता, मला ओळखत नव्हता. इंजीन जाम. खोलल्यावर क्रँकवर खोल चरे दिसले, बेअरिंगचे कपचे कागदासारखे झाले होते. तो म्हणाला, "लाईट लागलीच न्हाई वो. लागली असती तर थांबलो नसतो का?" मीटर काढला तर मागे माझाच जोड. काळी स्लीव्ह, वर चिकटपट्टीचे तीन वेढे आणि टोक मुडपून आत घातलेलं. मी सत्तर-ऐंशी पोरांना काम शिकवलं, पण ते टोक तसं मुडपतो मी एकटाच. मी जोड तोडून खिशात टाकला आणि म्हणालो, "गाडी जुनी आहे."

त्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं. क्षमावाणीच्या दिवशी बस्तीत सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून उत्तम क्षमा म्हटलं. मीही म्हटलं. फोनमधल्या तीनशे माणसांना एकच निरोप पाठवला. तो बागायतदार त्या तीनशेत नव्हता.

चातुर्मास चालू होता. प्रवचनात महाराजांनी भगवती आराधनेतले आलोचनेचे दहा दोष समजावून सांगितले. एकात माणूस दुसऱ्यांनी पाहिलेले दोष तेवढेच कबूल करतो. एकात दोष लपवून विचारतो, अमुक चूक कुणाकडून झाली तर त्याला प्रायश्चित्त काय? हे मी मनात घोळवलं होतं, एका जाणत्याला विचारायचंही ठरवलं होतं. आणि एक दोष शब्दाकुलित नावाचा: सगळे एकदम प्रतिक्रमण करत असतात, त्या गलक्यात माणूस आपला दोष पुटपुटतो, तोंडाने बोललेला असतो, कानाने कुणी ऐकलेला नसतो. मी खाली मान घालून बसलो होतो. खिशात हात गेला, तर तो जोड अजून त्याच खिशात होता.

रविवारी मी तासगावला गेलो. बागेत छाटणीआधीची कामं चालली होती. त्याला बांधावर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं, तारीख, तीनशे रुपये, बॅटरीच्या दिव्याची वायर. तो कितीतरी वेळ पानांकडे बघत राहिला. मग विचारलं, "त्यावेळी सांगितलं असतंसा, तर मी गाडी घेतली असती का?" मी म्हणालो, "नाही." क्रँक ग्राइंडिंगचे, बेअरिंगचे आणि पंपाचे पैसे मी सात हप्त्यांत फेडले. क्षमा केली, असं तो बोलला नाही, आणि ते मी मागितलंही नाही. मागायचा हक्क पैसे फिटल्यावर मिळतो की त्याआधी, हे मला अजून नीट सुटलेलं नाही.

गाडी तयार झाल्यावर तो घ्यायला आला. मी त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तो म्हणाला, "आता लाईट लागतीय न्हवं?" मी म्हणालो, "तुम्हीच बघा. चावी फिरवा, पण चालू करू नका." त्याने चावी ऑनला आणली. बॅटरीचा दिवा पेटला, शेजारी ऑइलचा पेटला, एकमेकांपासून सुटे. मग मी बॉनेटखाली हात घालून बॅटरीच्या दिव्याची वायर काढली. तो विझला. ऑइलचा पेटलेलाच राहिला. तो काचेतून माझ्याकडे बघत होता. मी वायर परत लावली आणि म्हणालो, "आता मारा स्टार्टर."