पाठीवरचं भोक

आमच्या हिनं भाचीसाठी अर्ध्या बाह्यांचा लोकरीचा टॉप विणायला घेतला. अर्धा पिवळा, अर्धा निळा. अशा विणकामात रंग बदलताना दोन्ही धाग्यांना मागच्या बाजूनं एकमेकांत पीळ द्यावा लागतो. नाहीतर सांध्यावर भोक पडतं. तसं एक पडलं. पाठीवर. ते दिसलं 18 ओळी पुढं गेल्यावर. आणि बाईसाहेब सरळ उसवायला बसल्या!

"अगं, पाठीवरचं भोक घालणारीलासुद्धा दिसणार नाही!" मी व्यवहार सांगितला. शेवटी मी बी.कॉम.!

"अहो, पण मला ठाऊक आहे ना!"

आता सांगा, कुणाला दिसतच नाही ती चूक कसली? मी हसणार होतो. पण दुपारी काउंटरवर आलेल्या आजीबाई आठवल्या. पासबुकात नोंदी करून द्यायला दोन मिनिटं लागली असती. मी "उद्या या" म्हणालो होतो. संध्याकाळी माझा हिशेब पैशापर्यंत जुळला. 'उद्या या' कुठल्याच खात्यात पडत नाही!

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी पासबुक हातात देत म्हटलं, "आजी, काल माझं चुकलं."

आजीबाई दचकल्या. "म्हणजे? किती रुपये कमी झाले?"