नसण्याचे निदान

बंद पडलेल्या यंत्रापुढे बसलेला माणूस जे शोधत असतो ते बहुतेक वेळा एखादी वस्तू नसते, तर एखाद्या वस्तूचे नसणे असते. ठिणगी पडत नाही, पेट्रोल चढत नाही, तारेत प्रवाह नाही, अशा नकारांनीच दुरुस्तीची भाषा घडलेली असते; परंतु डोळ्यांना जे आहे तेच दिसते आणि हाताला जे आहे तेच लागते, मग जे नाही ते कळते तरी कशाने, हा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके लावून धरलेला प्रश्न आहे. तो केवळ पंडितांच्या सभेतला वाद नव्हे. जुनी मोटार घरी दुरुस्त करणाऱ्यालाही त्याचे उत्तर हातातल्या साधनाने द्यावे लागते, आणि उत्तर चुकले तर निर्दोष सुटे भाग एकामागून एक बदलत बसण्याची पाळी येते.

या विचारासाठी एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. १९६२ साली बाजारात आलेली आणि ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन येथील कारखान्यात १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली ही मोटार संगणकाच्या आधीच्या काळातली असल्यामुळे बिघाडाचा क्रमांक सांगणारा कोणताही पडदा तिच्यात नाही. १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर आणि रंगांवरून ओळखता येणाऱ्या तारा एवढाच तिचा पसारा आहे: बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी तार, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी तार, आणि प्रवाहाला गाडीच्या सांगाड्याकडे परत नेणारी, म्हणजे अर्थिंगची, काळी तार. सगळे उघड्यावर आहे, म्हणूनच ब्रिटनमधील कितीतरी मालक ही गाडी आजही आपल्या गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करतात. आणि सगळे उघड्यावर असूनही बिघाड दिसत नाही, यातच प्रश्नाचे मूळ आहे.

वैशेषिक दर्शनाने जगातील ज्ञेय वस्तूंचे जे वर्ग मानले त्यांना ‘पदार्थ’ म्हणतात. ते आरंभी सहा होते, आणि पुढील परंपरेने त्यांत ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मिळवला. नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांच्या, मते नुसता अभाव कधीच नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठेतरी असतो. ज्याचा अभाव त्याला ‘प्रतियोगी’ म्हणतात आणि ज्या ठिकाणी अभाव त्याला ‘अधिकरण’ म्हणतात. जमिनीवर घडा नाही या नेहमीच्या उदाहरणात घडा हा प्रतियोगी आणि जमीन हे अधिकरण. ही दोन पदे हाती आली की निदान आणि तक्रार यांतला फरक लख्ख होतो. गाडी चालू होत नाही ही तक्रार झाली, कारण तिच्यात प्रतियोगी अस्पष्ट आहे आणि अधिकरण म्हणजे सगळी गाडी आहे; किल्ली फिरवलेली असताना कॉइलला जोडलेल्या पांढऱ्या तारेच्या टोकाशी बारा व्होल्ट नाहीत, हे निदान होय. दुरुस्तीचे सारे कौशल्य अधिकरण आवळत नेण्यात असते. प्रतियोगीचे ज्ञान मात्र पाहण्यातून मिळत नाही, ते आधीच असावे लागते, आणि येथे दुरुस्तीची पुस्तिका शब्दप्रमाणाचे, म्हणजे विश्वसनीय वचनातून मिळणाऱ्या ज्ञानाचे, काम करते: डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांच्यामध्ये ०.०१४ ते ०.०१६ इंच फट असावी असे तिने सांगितलेले असते, म्हणूनच मिटत आलेली फट पाहणाऱ्याला दोष म्हणून दिसते. ज्याला हे माहीत नाही त्याच्या डोळ्यांपुढेही तीच फट असते, पण उणीव नसते.

अभाव कळतो कसा, यावर मतभेद तीव्र आहेत. मीमांसक कुमारिल भट्ट आणि त्यांच्या मागोमाग अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याप्रमाणेच ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानतात. नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवतात आणि अनुपलब्धीला त्याची सहकारी ठरवतात. मीमांसेतल्याच प्रभाकराच्या अनुयायांना रिकाम्या जमिनीपलीकडे घटाभाव नावाचे काही वेगळे असते हेच मान्य नाही. एका अटीबाबत मात्र यांतील प्रमुख पक्षांचे बरेचसे एकमत आहे, आणि या साऱ्या चर्चेतील ती सर्वांत मोलाची गोष्ट मानावी लागते. केवळ आढळले नाही म्हणून नाही असे ठरत नाही. ती वस्तू तेथे असती तर या परिस्थितीत, या साधनाने ती आढळलीच असती, असे म्हणता आले पाहिजे. या अटीला ‘योग्यता’ म्हणतात. अंधारात घडा दिसला नाही यावरून घडा नाही असे सिद्ध होत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी हीच अट पिशाचाच्या उदाहरणाने कडक केली: पिशाच स्वभावतःच अदृश्य मानले, तर ते दिसले नाही यावरून फार तर संशय उरेल, निश्चय होणार नाही.

तारा तपासण्याचा साधा टेस्ट लॅम्प, म्हणजे एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई असलेला छोटा दिवा, या अटीचे पालन रोज करतो. चिमटा सांगाड्याला लावून सुई तारेवर टेकवली आणि दिवा लागला नाही, तर तारेत वीज नाही असे म्हणण्याचा मोह होतो. पण दिव्याची तारच तुटलेली असेल किंवा चिमटा रंगाच्या थरावर बसलेला असेल, तर दिवा न लागणे हे अंधारात घडा न दिसण्यासारखेच ठरते. म्हणून जाणकार दुरुस्तीकार चिमटा तसाच ठेवून सुई आधी बॅटरीच्या जिवंत टोकाला टेकवतो, दिवा लागल्याचे पाहतो आणि मगच संशयित तारेकडे वळतो. साधनाची योग्यता सिद्ध केल्याशिवाय नकारावर विश्वास ठेवायचा नाही, हे तत्त्व त्या एका हालचालीत पूर्णपणे उतरलेले असते.

होकारालाही योग्यता लागते, ही बाब त्याहून सूक्ष्म आहे. अर्थिंगच्या जोडावर गंज चढलेला असताना दिवा व्यवस्थित लागतो, कारण दोन-एक वॅटच्या दिव्याला पाव अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो आणि तेवढा त्या गंजातून निघून जातो. स्टार्टर मोटरला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात, आणि तिच्यासाठी तोच जोड बंद दारासारखा असतो. तेव्हा येथे वीज आहे का, हा प्रश्न अपुरा होता. किती आणि कोणत्या कामापुरती, हेही प्रतियोगीच्या वर्णनात यायला हवे होते. म्हणून स्टार्टर फिरवण्याचा प्रयत्न चालू असतानाच त्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट खर्ची पडतात हे मोजावे लागते.

एमजीबीच्या पेट्रोल पंपाचे मौन हे याच प्रश्नाचे आणखी गुंतागुंतीचे रूप आहे. मागच्या चाकाजवळ बसवलेला हा विजेवरचा पंप किल्ली फिरवताच टिकटिक करू लागतो आणि कार्ब्युरेटरच्या तरंडकोठ्या भरल्या की दाब वाढून आपोआप थांबतो. शांतता म्हणजे काम पुरे झाले असे तरी असते किंवा पंपाच्या आतले पॉइंट जळून तो निकामी झाला असे तरी असते, आणि कानाला दोन्ही शांतता सारख्याच असतात. त्यांचा निवाडा नुसते ऐकत राहून होत नाही. पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून तिचे तोंड डब्यात धरावे लागते, अर्थात आसपास कुठेही ज्योत वा ठिणगी नाही याची खात्री करूनच. आता पंप बोलायलाच हवा अशी परिस्थिती निर्माण झाली, आणि आताही तो गप्प राहिला तरच त्याच्या मौनाला अर्थ प्राप्त होतो. योग्यता येथे आयती मिळत नाही, ती हाताने घडवावी लागते. जुन्या ग्रंथांत हा मुद्दा पुरेसा विस्तारलेला दिसत नाही, कारण त्यांचा द्रष्टा बहुधा पाहणारा आहे, नळी सोडवणारा नाही.

अभाव ज्ञेय आहे हे मान्य केले तरी तो कारण होऊ शकतो का, हा प्रश्न उरतो, आणि धर्मविचाराचा धागा येथेच मिळतो. शास्त्रग्रंथांत एका मण्याचे उदाहरण येते: तो जवळ ठेवला की अग्नी जाळत नाही, दूर केला की पुन्हा जाळतो. मीमांसक म्हणतात की अग्नीत ‘शक्ती’ नावाची अदृश्य गोष्ट असते आणि मणी ती नष्ट करतो. उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेल्या न्यायकुसुमांजलीत हे मत खोडून काढले आहे. त्यांच्या मते अशी शक्ती मानण्याची गरज नाही, ‘प्रतिबंधकाचा अभाव’, म्हणजे अडथळ्याचे नसणे, हेच दाहाच्या कारणांपैकी एक आहे. एमजीबीची ठिणगी या मताला मोठा आधार देते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि चुंबकक्षेत्र तयार होते, पण ठिणगी पडते ती पॉइंट उघडून तो प्रवाह खंडित झाल्यावर. चुंबकक्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्यातूनच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उत्पन्न होतात. प्रवाहाचे थांबणे कारणसामग्रीत धरल्याशिवाय या इंजिनाचे वर्णनच पुरे होत नाही.

मण्याच्या चर्चेत पुढे ‘उत्तेजक’ येतो: असा दुसरा मणी, की जो जवळ असला तर पहिला मणी असतानाही अग्नी जाळतो. अडलेल्या पेट्रोल पंपावर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकले की तो पुन्हा टिकटिक करू लागतो, हे एमजीबीच्या मालकांना चांगले ठाऊक आहे. जळलेले पॉइंट, म्हणजे प्रतिबंधक, जागच्या जागीच असतात, ठोक्याने ते क्षणभर एकमेकांना टेकलेले असतात इतकेच. उत्तेजकाने मिळालेले यश प्रतिबंधक दूर झाल्याचा पुरावा नव्हे, ही नैयायिकांची बारीक नोंद रस्त्यात दुसऱ्यांदा अडकण्यापासून माणसाला वाचवू शकते, आणि साधनेच्या मार्गावर तात्पुरत्या उत्साहाला चित्तशुद्धी समजणाऱ्यालाही तिचा तितकाच उपयोग आहे.

योगसूत्रांच्या चौथ्या पादात पतंजलींनी शेतकऱ्याचे उदाहरण दिले आहे: तो पाणी ढकलत नाही, फक्त बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने पुढे जाते. महाराष्ट्रात ज्याने रात्री पिकाला दारे धरली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. अद्वैत वेदान्तही मोक्ष ही नव्याने मिळवायची वस्तू मानत नाही. अज्ञान दूर होणे एवढेच घडते. मात्र ते अज्ञान ज्ञानाचा नुसता अभाव नसून भावरूप, म्हणजे गंजासारखे काहीतरी असणारे आहे, असे अद्वैताचार्यांचे म्हणणे आहे, आणि ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात नेमकी हीच कल्पना खंडनासाठी घेतली आहे: अज्ञान नावाची वस्तूच मानता येत नसेल, तर ज्ञानाने नष्ट करायचे काय?

दुरुस्तीच्या अनुभवात या दोन्ही मतांना जागा आहे, आणि त्यांना एकाच साच्यात बसवण्याचा हट्ट धरू नये. अर्थिंगचा जोड कानशीने आणि पॉलिश कागदाने घासला की खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तांबूस भुकटी पडते. ती चिमटीत धरता येते, तोलता येते, दोष एवढा होता असे दाखवता येते. परंतु पांढरी तार वेष्टनाच्या आत तुटलेली होती आणि तिची टोके जोडून डाख दिला, तर त्यानंतर जो दोष गेला तो कुठे गेला, हे गॅरेजमधल्या कोणत्याही कोपऱ्यात दाखवता येत नाही. वर्तमानपत्र कोरेच राहते, आणि इंजिन चालू असते.