पोपटी शिजेपर्यंत

बसा. खुर्ची नको, सारवलेल्या अंगणातच मांडी घाला आणि मुलांना जवळ घ्या. 26 जानेवारीला जोडून आलेला शनिवार, कर्जत-चौक रस्त्याला वावर्ले गावाच्या आसपासचं कुठलंही अंगण. सकाळी सोंडाई गड चढून झालाय. उद्याची यादी तयारच असेल: कोंढाण्याची लेणी, दोरावरची कसरत, जमलंच तर जाता जाता महडचा वरदविनायक. ती यादी मोबाईलमध्येच राहू द्या. समोर मडकं उपडं घालून त्याच्याभोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या आहेत. पोपटीला अर्धा तास तरी लागतो, आणि त्या अर्ध्या तासात आपल्याला कुठेही जायचं नाही.

डोळे मिटू नका.

आधी पोटऱ्यांकडे लक्ष द्या. त्या ठणकत असतील, ठणकू द्या. आता तळव्यांकडे या. सोंडाईच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे, म्हणून लोखंडी शिडीपाशी तुम्ही बूट काढलेत आणि पुढचा कातळ अनवाणी चढलात. तो खडबडीत, उन्हाने कोमट झालेला कातळ तळव्यांना अजून आठवतोय का, बघा. सावकाश बघा, घाई नाही.

आता चढ पुन्हा एकदा मनात चढा, पण या वेळी धाकट्याच्या चालीने. सकाळी तो दर वळणावर थांबत होता. कुठे वारूळ, कुठे वाळक्या पानाखालचा किडा, कुठे कातळात कोरलेल्या टाक्यातलं हिरवट पाणी. आणि मागून आपण म्हणत होतो, ‘चल रे, ऊन व्हायच्या आत वर पोचायचंय.’ त्या टाक्यापाशी आता थांबा. हे टाकं कुणीतरी छिन्नी-हातोड्याने खोदलं, पहाऱ्यावरच्या शिबंदीला उन्हाळ्यात प्यायला पाणी असावं म्हणून. धाकट्याने त्यात खडा टाकला, वर्तुळं उठली. ती काठाला लागून विरेपर्यंत बघत राहा. मला विचाराल तर त्या सबंध गडावर एवढा वेळ देण्याजोगं दुसरं काही नव्हतं, आणि ते घरात सगळ्यांत लहान असलेल्याला बरोबर कळलं होतं.

श्वास घ्या. धुरात मिसळलेला उग्र वास येतोय तो भांबुर्डीचा. एरवी तिला रान म्हणून उपटून टाकतात. इथे तिचा पाला मडक्याच्या बुडाशी आणि तोंडाशी दाबून भरलाय. मधे वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी. पाण्याचा एक थेंब नाही. भातकापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर हा वाल वाढला, आणि आता शेंगेत आहे तेवढ्याच पाण्यात तो शिजतोय. थोडा वेळ एवढंच मनात धरा.

पाण्याचा विचार आलाच आहे तर त्याच्या मागे जा. माथ्यावरून मोरबे धरण दिसलं होतं. तुम्ही वाशी-नेरुळहून आला असाल तर सकाळी बाटलीत भरून आणलेलं पाणी तिथलंच. ते खालापूर तालुक्यातून तुमच्याकडे गेलं आणि तुमच्याबरोबर परत आलं. तिकडे खोपोलीला त्याहून मोठं नवल आहे. लोणावळ्याच्या वरचा पाऊस खरं तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा बंगालच्या उपसागराला जायचा. टाटांनी तो तळ्यांत अडवला, नळांतून घाटाखाली सोडला आणि 1915 पासून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. जनित्रं फिरवून तेच पाणी पाताळगंगेत उतरतं आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळतं. मुलांना हे सांगा. शाळेतल्या नकाशापेक्षा लवकर समजेल.

आता जड भाग. मोरब्याच्या पाण्यापलीकडे एक सुळका दिसला होता, माथ्याजवळ आरपार भोक असलेला. तो इर्शाळ. ट्रेकला येणारे त्याच्या पोटातल्या ठाकरवाडीतूनच वर जात. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या वाडीवर दरड आली. 27 जणांचे देह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. ज्या डोंगराचा आपण सकाळी फोटो काढला, त्याच्याच मातीखाली ती माणसं आहेत. यावर काही वाटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मुलांनी विचारलं तर विषय मात्र बदलू नका, जेवढं माहीत आहे तेवढं सांगा आणि जरा गप्प बसा. सहलीत असलं काही कशाला, असं म्हणणारे भेटतील. त्यांनी डोंगरात न आलेलंच बरं.

मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चुर्र होऊन लगेच उडाले तर पोपटी झाली. राख झटका, पाला बाजूला करा, शेंगा सुपात ओता. बोटं भाजतील. पहिली शेंग सोलून, ज्यांनी मडकं भरलं त्या घरच्या ताईंना द्या. त्या ‘तुम्ही खा’ म्हणतील, तरी द्या.

आणि एक सांगणं. सोंडेवाडीत किंवा पायथ्याच्या कुठल्याही वाडीत जेवायचं असेल तर किती माणसं येणार ते आदल्या दिवशीच फोन करून कळवा. तांदळाच्या भाकऱ्या एकेक करून हातावर थापाव्या लागतात. पंधरा जण न सांगता दारात उभे राहिले की त्या घरातल्या बाईचा अख्खा रविवार चुलीपुढे जातो.