चमत्काराचा वारसा

मराठी सिनेमाचा इतिहास सांगायची आपली एक ठरलेली रीत आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘श्यामची आई’ (१९५३), मग दीर्घ पडझड आणि मग एकदम ‘श्वास’. या सांगण्यात महेश कोठारे पडझडीच्या खात्यात जमा होतात. ‘धुमधडाका’, ‘दे दणादण’, ‘थरथराट’ ही त्यांच्या चित्रपटांची नावं घेताना अभ्यासकांचा सूर जरा खाली येतो. मला हे वर्षानुवर्षं खटकत आलं आहे.

कारण पडद्यावरचा चमत्कार हा आपल्याकडे मुळारंभापासून आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ (१९१७) केला, ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. कॅमेऱ्याच्या करामतींनी लोकांना थक्क करणं त्यांना हलकं वाटलं नाही. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’मध्ये अखेरीस तुकोबांना वैकुंठाला नेणारं विमान येतं. आपण विष्णुपंत पागनीसांची तन्मयता आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण ते विमान त्या काळच्या तंत्रातून उडवायला किती डोकं चालवावं लागलं असेल, हे कुणी फारसं बोलत नाही. संतपटाला शोभतं ते तंत्र भूतपटात आलं की ‘गल्लाभरू’ ठरतं. हा भेद कलेचा नाही, प्रतिष्ठेचा आहे.

कोठारे बालकलाकार म्हणून ‘छोटा जवान’मधून (१९६३) आले, ‘राजा और रंक’मध्ये (१९६८) झळकले, पुढे कायदा शिकले. १९८५ साली दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तो ‘धुमधडाका’. त्याचं कथानक श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटावरून आलं होतं. कथेच्या बाबतीत त्यांनी पुढेही उसनवारी केली. ‘झपाटलेला’मागे हॉलिवूडची खुनी बाहुली उभी आहेच. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचं स्वतःचं असं जे होतं, ते निराळं: मराठी प्रेक्षकाला थोडक्यात भागवायचं नाही, ही जिद्द. ‘धडाकेबाज’ (१९९०) त्यांनी सिनेमास्कोपमध्ये केला. मराठीत ते आधी कुणी केलं नव्हतं.

‘झपाटलेला’ (१९९३) जरा जवळून पाहावा. त्यातली तात्या विंचू ही खुनी बाहुली रामदास पाध्यांची. बाहुलीला करता येण्यासारखं फार थोडं असतं: मान वळते, डोळे फिरतात, जबडा उघडतो. मग भीती येते कुठून? समोरच्या लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्या चेहऱ्यावरून. बाहुलीची मान किंचित कलते आणि लक्ष्याच्या तोंडचं हसू ओसरतं. आपण बाहुलीकडे त्याच्या नजरेतून पाहू लागतो. बाहुली जिवंत आहे हे तो ओरडून सांगतो आणि आधी कुणाला पटत नाही. प्रेक्षकाला मात्र पटलेलं असतं, म्हणून तो एकाच वेळी हसतो आणि दचकतो. बाहुलीत जीव येतो तो असा, नटावरच्या विश्वासातून. म्हणूनच बेर्डे गेल्यानंतर, २०१३ साली, ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला तेव्हा तंत्र कितीतरी पुढे गेलं होतं, पण मला तरी बाहुलीची तेवढी धास्ती वाटली नाही.

या सगळ्या चित्रपटांत स्त्रियांच्या वाट्याला फार थोडं आलं, हा मला त्यांतला खरा उणेपणा वाटतो. गंमत पुरुषांची, नायिका गाण्यापुरत्या. आश्चर्य असं, की ही उणीव भरून निघाली ती छोट्या पडद्यावर. त्यांच्या ‘कोठारे व्हिजन’ने २०१४ साली ‘जय मल्हार’ ही मालिका आणली. खंडोबाचं रूप, भंडारा, दैत्यांशी लढाया, संगणकानं उभारलेली दृश्यं हे सगळं कोठारेंच्या जुन्या ओढीतलंच. पण मालिका दररोज चालवायची तर नुसत्या चमत्कारावर निभत नाही. तिथं म्हाळसा आणि बाणाई कामाला आल्या. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची; एकाच देवाच्या दोन बायका आणि त्यांच्यातला सवतीचा कलह. हे भांडण वाघ्या-मुरळी जागरणात रात्रभर रंगवत आले आहेत. देवाच्या संसारात जातीपातींचा महाराष्ट्र कसा नांदतो, हे त्या परंपरेला ठाऊक होतं. मालिकेनं ते घराघरांत पोचवलं, आणि ज्यांनी जेजुरीचा गड कधी चढला नव्हता अशा शहरी घरांतही बाणाईची बाजू घेणारे निघाले.