देहाचा न्याय आणि माणसाचा न्याय

समाज म्हणजे एक देह आणि माणसे म्हणजे त्याचे अवयव, ही उपमा फार प्राचीन आहे. रागावून नगराबाहेर निघून गेलेल्या रोमच्या सामान्य जनतेला मेनेनियस अग्रिप्पा याने पोटाची व त्याच्याशी भांडणाऱ्या अवयवांची गोष्ट सांगून परत आणले, असे इतिहासकार लिव्ही याने नमूद केले आहे. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना हीच उपमा योजिली. उपमा सुंदर आहे. परंतु तिच्यावर विसंबून माणसांविषयी निर्णय घ्यावेत काय, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर देह आपल्याच संकटग्रस्त घटकाशी प्रत्यक्षात कसा वागतो, हे आधी पाहिले पाहिजे. गेल्या अर्धशतकात रोगप्रतिकारशास्त्राने याविषयी जे शोधून काढले, ते वाचकांनी समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

एकेकाळी या शास्त्राची उभारणी ‘स्व’ आणि ‘पर’ या दोन शब्दांवर झाली होती. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी हा विचार रूढ केला. १९६० साली त्यांना व पीटर मेडावर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. देह स्वकीय पेशींना अभय देतो आणि परक्यांवर तुटून पडतो, असे हे सुटसुटीत चित्र होते. पण घरचेच माणूस बिघडले तर? विषाणूने ग्रासलेली किंवा कर्करोगाकडे झुकलेली पेशी सर्वस्वी परकी नसते. ती आपल्याच रक्तामांसाची असते.

१९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विगझेल यांना उंदरांमध्ये अशा पेशी आढळल्या, की ज्या कोणतीही पूर्वतयारी नसताना रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींचा नाश करीत. त्यांना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले. त्या सावज ओळखतात कसे, याचे एक उत्तर त्याच संस्थेतील क्लास केरे यांनी दिले. निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर ओळखीचे काही रेणू बाळगते. मारक पेशी शत्रूची खूण शोधीत नसून आपलेपणाची खूण हरवली आहे काय, हे पाहत असावी, असा त्यांचा तर्क होता. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी व सहकाऱ्यांनी याचा पुरावा मांडला : खूण बाळगणाऱ्या कर्कपेशी उंदरांच्या देहात वाढल्या, खूण गमावलेल्या मात्र नष्ट झाल्या.

पुढे उत्तराची दुसरी बाजूही उजेडात आली. अमेरिकेतील सिएटल येथे व्हेरोनिका ग्रो, थॉमस स्पाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखविले, की ‘मिका’ नावाचे प्रथिन उष्णतेसारख्या ताणाखाली पेशीमध्ये अधिक प्रमाणात प्रकट होते. १९९९ साली त्यांनीच मारक पेशीवरील ते ग्राहक प्रथिन ओळखले, जे या संकेताला प्रतिसाद देते. ‘एनकेजी-२-डी’ असे त्याचे नाव. २००५ साली बर्कली येथील डेव्हिड रॉलेट यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले, की पेशीतील जनुकद्रव्याला इजा झाली तरीही असे संकेत उमटतात. म्हणजे पीडित पेशी जणू स्वतःच आपल्या दाराबाहेर कंदील टांगते. मारक पेशी एका बाजूला हा संकेत आणि दुसऱ्या बाजूला आपलेपणाची खूण, असे दोन्ही पारड्यांत तोलते. ज्याचे वजन अधिक, तसा निर्णय होतो. गर्भाशयात याच कुळातील पेशी मोठ्या संख्येने असतात. पित्याचा अर्धा वारसा घेऊन आलेल्या, म्हणजे अर्ध्या ‘परक्या’ गर्भाचा त्या घात करीत नाहीत; उलट वारेकडे रक्त नेणाऱ्या धमन्या रुंदावण्यास साहाय्य करतात.

वाचकहो, यातून एक बोध निःसंशय घेण्याजोगा आहे. ‘तू कोणाचा?’ एवढ्यावर देह थांबत नाही. ‘तुझी अवस्था काय?’ हेही तो विचारतो. आपण मात्र माणूस भेटताच आडनाव, गाव आणि जात विचारून समाधान पावतो. शेजारच्या घरात कोणी कर्जाने पिचला आहे, कोणाची झोप उडाली आहे, याचे संकेत त्याच्या चेहऱ्यावर व बोलण्यात उमटलेले असतात. ते वाचण्याची सवय आपणांस नसते.

परंतु संकेत ओळखल्यानंतर देह काय करतो? तो पीडित पेशीला मारून टाकतो. येथेच उपमेची खरी परीक्षा आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात असा युक्तिवाद केला, की सडलेला अवयव सर्व देहाच्या हितासाठी कापणे योग्य, तद्वत समाजाला घातक ठरलेल्या माणसाचा वधही योग्य. एवढ्या थोर तत्त्वज्ञाचा हा युक्तिवाद शतकानुशतके मृत्युदंडाच्या समर्थनार्थ पुढे केला गेला. २०१८ साली तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथातील संबंधित परिच्छेद बदलला आणि मृत्युदंड अग्राह्य ठरविला. कारण घोर अपराधानंतरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही.

आमच्या मते उपमा मोडते ती नेमकी याच ठिकाणी. पेशीला देहावेगळे प्रयोजन नाही. तिला पश्चात्ताप नाही, भविष्य नाही. तिच्या नाशाने कोणाचे अंतःकरण विदीर्ण होत नाही. माणूस समाजाचा घटक खराच, पण तो केवळ घटक नव्हे. तो स्वतःच एक साध्य आहे. हा भेद विसरला की काय होते, याचा दाखला इतिहासात आहे. नाझींनी ज्यूंना जंतू व परोपजीवी म्हटले. १९९४ साली रुआंडात तुत्सींना झुरळे म्हणून हिणविण्यात आले. आधी शब्दांनी माणसाचे जंतूत रूपांतर झाले, मग संहार हे ‘आरोग्यरक्षण’ ठरले.

शिवाय देहाचा न्याय अचूकही नाही. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्यांच्या सीलियाक या विकारात आतड्याच्या पेशी ताणाचे संकेत दाखवितात आणि त्यांच्याच शेजारच्या रक्षक पेशी त्यांचा घात करतात. उलटपक्षी काही कर्कग्रंथी हेच संकेत रक्तात सुटे सोडून देतात. त्या भडिमाराने रक्षक पेशींची संवेदना बोथट होते, असे सिएटलच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले. म्हणजे कधी निरपराधाचा बळी, तर कधी अपराध्याकडे काणाडोळा. ज्या न्यायात चूक दुरुस्त करण्यास जागाच नाही, तो पेशीपुरता ठीक. माणसासाठी तो पुरेसा नाही.

तेव्हा देहापासून शिकावयाचे ते त्याचे पाहणे, त्याचे पारडे तोलणे. त्यापुढील कृती मात्र आपण आपल्या विवेकाने ठरविली पाहिजे. पेशीला बरे करून पुन्हा घरात घेण्याचा मार्ग मारक पेशीपाशी नाही; तो आपल्यापाशी आहे. व्यसनाधीन तरुण, तुरुंगातून सुटलेला कैदी, मनोरुग्ण नातेवाईक यांच्या दाराबाहेर टांगलेला कंदील आपणांसही दिसतो. तो पाहून आपण दार ठोठावतो, की त्या दारावर खूण करून पुढे जातो, यावरच आपला समाज कोणत्या प्रकारचा देह आहे हे ठरणार आहे.