सुईसकट

आईच्या कपाटात सगळ्यांत खालच्या फळीवर, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं एक दुपटं सापडलं. त्यात सुई तशीच टोचलेली होती. सुईत वीतभर दोरा. शेवटचा टाका अर्धा, म्हणजे सुई कापडात शिरलेली आणि पलीकडून वर यायची राहिलेली. आईला जाऊन तेव्हा तेरा दिवसही झाले नव्हते. मी ते पुन्हा गुंडाळलं आणि होतं तिथेच ठेवलं. सुईसकट.

पुढची दोन वर्षं ते तसंच राहिलं. मी अधूनमधून काढून बघायची. वरखाली आजीच्या नागपुरी लुगड्यांचे धडपे, आत आजोबांच्या धोतराचे तुकडे, कडेने रंगीबेरंगी चौकोन. ती लुगडी आजीबरोबर नागपूरहून जबलपूरला आली होती. आजोबा इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत लागले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. १९५६ साली मधून रेघ गेली आणि आमचं मराठी घर आपसूक परप्रांतात जमा झालं. चौकोन मात्र इथलेच. जबलपूर सलवार-सूट शिवणाऱ्यांचं गाव असल्याने कातरणाला कधी तोटा नसतो. आई ते पिशव्या भरभरून आणायची आणि बाबा दर दिवाळीला त्या पिशव्यांवरून भांडायचे.

आई कडेपासून आत शिवत यायची. चौकटीत चौकट, साधा धावदोरा. या दुपट्याच्या कडेचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एका मापाचे आहेत. आत यावं तसे ते लांबतात. मग ओळ वाकडी होते, एखादा टाका जागा सोडून भलतीकडेच उतरतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि पुढे हातही थरथरू लागला होता. मध्यावर हातभर लांब आणि वीतभर रुंद एवढी जागा कोरी राहिली आहे. कडेकडून मध्याकडे येताना आईचं शेवटचं वर्ष वाचता येतं, असं मी एकदा एका मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, हे लिही. मला बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याची थोडी लाज वाटते.

कारण ते दुपटं माझ्या वाचनासाठी शिवलेलं नव्हतं. आमच्याकडे पंधरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला दिवस गेले, तेव्हा आईने त्यांना कबूल केलं होतं की बाळाला दुपटं माझ्याकडून. मावशी आईला ‘आईजी’ म्हणतात, आमचा ‘आई’ घेऊन त्याला त्यांचा ‘जी’ जोडून. नोव्हेंबरात आई गेली, जानेवारीत त्यांना नात झाली. फेब्रुवारीत मावशींनी कणीक मळता मळता विचारलं, “दीदी, आईजी की वो कथरी मिली क्या?” मी म्हटलं, मिळाली, पण अपुरी आहे. त्या म्हणाल्या, “लाओ, मैं पूरी कर देती हूँ. दो दोपहर का काम है.” त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कथऱ्या शिवतात, हात आईपेक्षाही चांगला. मी म्हटलं, “नहीं मावशी, रहने दो.” त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

हे ‘रहने दो’ मी नंतर पुष्कळ सजवलं. वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या माणसाला अपुऱ्या गोष्टींचं कौतुक करायला शिकवावं लागत नाही. अर्ध्यावर तुटलेली कविता, पानं गहाळ झालेली पोथी, धड नसलेली मूर्ती या सगळ्यांपुढे आम्ही जरा जास्तच वेळ उभे राहतो. त्या टोचलेल्या सुईत मला एक थांबलेला क्षण दिसत होता आणि तो पुढे सरकवायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही, असं वाटत होतं. यात प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. पण आईची बँकेतली मुदत ठेव माझ्या नावावर झाली तेव्हा ‘ही तिची आहे, मी कसा हात लावू’ असा प्रश्न मला पडला नव्हता. कागदपत्रांसाठी मी चार खेपा घातल्या होत्या. बांगड्या घेतल्या, कपाट घेतलं, फळीवरचं लोणचंही खाऊन संपवलं. वारसाहक्काने येणं घ्यायचं आणि देणं तेवढं पवित्र म्हणून जपून ठेवायचं, हा कसला हिशेब?

तरी आक्षेप पूर्ण खोटा नाही. त्याच कपाटात आईने मावशीला, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीला, लिहायला घेतलेलं एक पत्र होतं, चार ओळींवर थांबलेलं. ते मी कधीच पुरं करणार नाही. पत्रातला ‘मी’ आईचा आहे. तो मी उचलला तर ती बनवाबनवी होईल. दुपट्यात असा ‘मी’ असतो का? अंगावर घेणाऱ्याला ऊब हवी असते. कुणाचा टाका कुठे संपला हे थंडीत कुणी विचारत नाही, आणि जानेवारीतली जबलपूरची थंडी काही कमी नसते. पण शिवणाऱ्यापुरतं बोलायचं तर ते वाकडे टाके जितके आईचे आहेत तितकं तिचं अक्षरही नव्हतं.

अशा वेळी मला एकनाथ आठवतात, कारण त्यांच्याकडे दोन्ही उत्तरं आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात बरंच काही घुसडलं होतं. काम संपवताना पुढच्यांना त्यांनी बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. आणि याच एकनाथांचं भावार्थरामायण युद्धकांडात अपुरं राहिलं, ते गावबाने तडीस नेलं. नाथांच्या घरी वाढलेला, पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा, लोकांनी मंद ठरवलेला मुलगा. त्याने ते असं पुरं केलं की जोड कुठे आहे हे कळत नाही, असं परंपरा कौतुकाने सांगते.

यात विरोध नाही, हे थोडा विचार केल्यावर कळतं. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागून ग्रंथ मिटवला होता. मिटलेल्यात भर घालणं हे घुसणं. उघडं राहिलेलं पुढे नेणं वेगळं. मला अडतं ते त्या कौतुकापाशी. जोड कळत नाही म्हणजे नक्की काय झालं? गावबा पुसला गेला की नाथ? कादंबरीचं उदाहरण मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. बाणभट्ट कादंबरी अर्धवट टाकून गेला आणि त्याच्या मुलाने ती पुरी केली. मुलाने आपल्या भागाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे की वडिलांबरोबर कथाही तुटली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होत होतं म्हणून मी हाती घेतली, कवी असल्याच्या तोऱ्यात नव्हे. मराठीत आपण ज्या प्रकाराला सरसकट ‘कादंबरी’ म्हणतो, त्याचं नाव दोन हातांनी लिहिलेल्या पुस्तकावरून आलं आहे, आणि दुसऱ्या हाताने जोड लपवलेली नाही. त्याने दिलेलं कारणही बघण्यासारखं आहे. बापाच्या आत्म्याला शांती वगैरे तो काही म्हणत नाही. वाट बघणाऱ्यांकडे बोट दाखवतो.

जोड लपवण्याबद्दल मी एवढं बोलते, कारण मी ती लपवली आहे. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ अनुवादकांचं हिंदीतून मराठीत चाललेलं भाषांतर त्यांच्या निधनाने अर्ध्यावर राहिलं आणि ते पुरं करायला माझ्याकडे आलं. ते मूळचे वऱ्हाडचे. त्यांच्या पानांत ‘वावर’ होतं, ‘पोट्टे’ होते, एका जागी तर ‘मस्त गमत होतं’ असंही होतं. पुढची पानं मी माझ्या मराठीत लिहिली आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर ती एकमेकांशी बोलेनात. तेव्हा सरळ मार्ग दोनच होते. त्यांच्या भाषेच्या जवळ जायचं, नाहीतर भाषा बदलते हे कबूल करायचं. मी तिसरा शोधला. ‘एकसंधपणासाठी’ त्यांच्या पानांवरून हात फिरवला. वावराचं शेत झालं, पोट्ट्यांची मुलं झाली. पुस्तकावर दोघांची नावं आली, समीक्षणात ओघवत्या भाषेचं कौतुक झालं. प्रत द्यायला गेले तेव्हा काकूंनी पहिली काही पानं माझ्यासमोरच वाचली आणि चष्मा काढून विचारलं, “अगं, ह्यांचं वावर कुठे गेलं?” मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

अलीकडे वाचलं की अमेरिकेत दोन मैत्रिणींनी २०२२ मध्ये ‘लूज एन्ड्स’ नावाचं काम सुरू केलं आहे. कुणी गेलं, किंवा आजारपणाने ज्याचा हात थांबला, त्याचं अर्धं विणकाम, भरतकाम, गोधडी घरचे लोक त्यांच्याकडे सोपवतात आणि ते एखाद्या अनोळखी स्वयंसेवकाकडे जातं. पुरं झालं की घरी परत येतं. सगळं फुकट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा विचित्र वाटलं. आईचं काम परक्याच्या हाती? मग लक्षात आलं की त्यातला शहाणपणा नेमका परकेपणात आहे. परक्याचं मेलेल्याशी काही भांडण राहिलेलं नसतं, काही सिद्धही करायचं नसतं. तो टाक्याचं माप बघतो आणि पुढे शिवतो. माझ्या स्वयंपाकघरात असं माणूस रोज सकाळी आठला येत होतं, आणि त्याला मी ‘रहने दो’ म्हटलं होतं. मावशींचा हात लागला तर दुपटं आईचं राहणार नाही, ही भीती त्यामागे होती असं मी मानत आले. खरं तर मावशींनी ते शिवलं तर ते माझं राहणार नाही, ही होती.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी ते बाहेर काढलं. सुई गंजली होती, ती ओढताना कापडावर तपकिरी डाग पडला. नवी सुई, आईच्याच रिळाचा दोरा, आईचंच अंगुस्तान. कोऱ्या जागेपाशी आले आणि पाहिलं की माझ्या सरळ ओळीशेजारी आईची शेवटची ओळ फारच वाकडी दिसतेय. नकळत कात्री घेतली आणि ती उसवायला लागले. वीतभर उसवली असेल. मावशी चहा घेऊन आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आईजी का काहे उधेड़ रही हो?”

आवाज चढलेला नव्हता. पण मला एकदम काकूंचा चष्मा आठवला.

जुन्या लुगड्याला एक खोड असते, त्यातून दोरा काढला तरी भोकं बुजत नाहीत. प्रकाशात धरलं तर आईची गेलेली ओळ ठिपक्याठिपक्यांनी तशीच दिसत होती. मी त्याच भोकांतून सुई घातली. हे सरळ शिवण्यापेक्षा कितीतरी कठीण निघालं, कारण दर टाक्याला हात नीट जागी जाऊ बघायचा आणि त्याला भलतीकडे न्यावं लागायचं. वीतभर ओळीला तासभर गेला. ती आईची झाली नाही. पण वाकडी झाली, आणि जिथे तिचा दोरा संपून माझा सुरू होतो तिथली गाठ मी वरच ठेवली. पुढचं मी माझ्या टाक्याने शिवलं, शेवटच्या कोपऱ्यात झोळ आला तो मावशींनी माझ्या हातातून घेऊन चार टाक्यांत काढला. तेवढा तुकडा सगळ्यांत सुबक आहे.

मराठीत एखादं काम आपण ‘उरकतो’, ‘आवरतो’, ‘संपवतो’ किंवा ‘तडीस नेतो’. भाषांतर करताना या चौघांनी मला नेहमी छळलं आहे, हिंदीत त्यांच्यातला फरक धरताच येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही यातलं काय केलं हे मला ठरवता आलं नाही, आणि ते लवकरच निकामीही ठरलं.

कारण जानेवारीत मावशी नातीला घेऊन आल्या. तिला दुसरं वर्ष पुरं झालेलं, ती घरभर पळत होती. दुपटं तान्ह्या बाळाच्या मापाचं. दिवाणावर तिला निजवून मावशींनी ते अंगावर घातलं, तर गुडघ्यांखाली दोन्ही पाय बाहेर. पोरगी पाय हलवत हसायला लागली. मी बघत राहिले. दोन वर्षं मी जे सांभाळलं होतं ते नेमकं एवढ्या मापाचं होतं, गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या.

मावशींनी वितीने माप घेतलं. “दोनों तरफ पट्टी जोड़ लूँगी,” म्हणाल्या, “कतरन पड़ी है अपने घर में.” दुपट्याची घडी घालून पिशवीत टाकली, नातीला कडेवर घेतलं आणि निघाल्या. फाटकापर्यंत जाऊन परत आल्या.

“दीदी, वो रील भी दे दो. आईजी वाली.”

रिळावर बराच दोरा शिल्लक होता.